ट्रेनरकडे नको, त्याच्यासमोरच्या कुत्र्याकडे बघा

आमची कुत्री भिंगरी आठ महिन्यांची असताना आम्ही तिला पहिला ट्रेनर लावला. दाराची घंटा वाजली की ती गोल गोल फिरायची, उड्या मारायची, पाहुण्यांचे कपडे ओढायची. नाव उगाच पडलं नव्हतं. ट्रेनर आला, पिशवीतून साखळीचा गळपट्टा काढून त्याने तिच्या गळ्यात घातला आणि वीस मिनिटांत आमची भिंगरी कोपऱ्यात गप्प बसली. त्याने पुन्हा घंटा वाजवून दाखवली. ती हलली नाही. मी इतकी खूश झाले की पुढच्या महिन्याचे पैसे आगाऊ देऊन टाकले.

ती वीस मिनिटं मी ट्रेनरचे हात बघत होते. तिच्याकडे बघितलं असतं तर मागे चिकटलेले कान दिसले असते, पोटाखाली गेलेलं शेपूट दिसलं असतं, सारखे चाटले जाणारे ओठ दिसले असते. पाहुणा आला की काय करायचं, हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं. घंटा वाजली की गळा आवळतो, एवढाच धडा ती शिकली होती. दोन महिन्यांनी ती पाहुण्यांवर गुरगुरू लागली. तिच्या बाजूने पाहिलं तर यात चूक काय होती? पाहुणा आणि दुखणं यांची गाठ आम्हीच मारून दिली होती.

ती गाठ सोडवायला पुढे दीड वर्ष लागलं. त्या काळात मी बऱ्याच ट्रेनरांशी बोलले, बरेच वर्ग बघितले, काही ठिकाणांहून अर्ध्यावर उठून आले. त्यातून ट्रेनर निवडण्याची जी रीत हाती लागली, ती इथे क्रमाने लिहिते आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट माहीत असू द्या. जगातल्या बहुतेक देशांत कुत्र्यांचा ट्रेनर व्हायला कसलाच परवाना लागत नाही. जर्मनीने २०१४ पासून व्यावसायिक ट्रेनरांना परवाना सक्तीचा केला, पण असे अपवाद थोडे. बाकी ठिकाणी आज ठरवलं आणि उद्या पाटी लावली, तरी कोणी विचारत नाही. त्यामुळे पारखण्याचं काम आपल्यावरच येतं.

पायरी १: अडचण कॅमेऱ्याला दिसेल तशी लिहून काढा

"हट्टी आहे", "मुद्दाम करतो", "सूड उगवतो" हे कागदावर नको. हे आपले निष्कर्ष आहेत आणि बहुतेकदा चुकीचे. त्याऐवजी असं लिहा: "समोरून दुसरं कुत्रं वीस पावलांवर आलं की पट्टा ताणतो, भुंकतो, ते कुत्रं निघून गेलं की मिनिटभरात शांत होतो." हे कधी होतं, कुठे होतं, आठवड्यातून किती वेळा होतं, त्याच्या लगेच आधी काय घडतं आणि लगेच नंतर त्याला काय मिळतं, एवढं आठ-दहा दिवस टिपून ठेवा. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. उडी मारल्यावर पाहुणा "अरे, अरे" म्हणत दोन्ही हातांनी त्याला धरतो, म्हणजे उडीला बक्षीस मिळतं. कुत्रं तेच तर शिकत असतं.

ही वही पुढच्या सगळ्या पायऱ्यांवर उपयोगी पडते. चांगला ट्रेनर पहिल्या फोनवर नेमकं हेच विचारतो. ज्याला हे ऐकायची गरजच वाटत नाही, त्याच्याबद्दलही त्यातून बरंच कळतं.

पायरी २: ट्रेनरच्या आधी पशुवैद्य

वागण्यात अचानक बदल झाला असेल तर ही पायरी ओलांडू नका. आजवर घरात कधी घाण न करणारं कुत्रं मुतायला लागलं तर मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो. डोक्याला हात लावला की चावायला येणाऱ्या कुत्र्याचा कान आतून सुजलेला असू शकतो, नाहीतर दाढ दुखत असू शकते. म्हातारं कुत्रं लहान मुलांवर गुरगुरतं तेव्हा कधी कधी भानगड सांध्यांची असते. मूल अंगावर पडेल याची त्याला धास्ती असते. दुखणाऱ्या जिवाला शिस्त शिकवण्यात काही अर्थ नाही, आणि दुखण्यावर वर आणखी शिक्षा देणं तर क्रूरच.

तपासणीत काही सापडलं नाही तरी पैसे वाया गेले असं समजू नका. "दुखणं नाही" ही माहिती ट्रेनरलाही लागते. चावण्याची तक्रार घेऊन गेल्यावर जो ट्रेनर "डॉक्टरला दाखवलंत का?" असं विचारतही नाही, त्याचं नाव यादीतून काढलं तरी चालेल.

पायरी ३: आपल्याला नक्की कोण हवं आहे?

"ट्रेनर" या एका शब्दाखाली निरनिराळी कामं करणारी माणसं येतात. बस, थांब, ये, पट्ट्यावर नीट चाल, पाहुण्यांवर उडी मारू नकोस, हे सगळं शिकवायला चांगला ट्रेनर पुरेसा असतो. भीती, चावणं, ताटलीजवळ कोणी आलं की गुरगुरणं, एकटं ठेवलं की घर डोक्यावर घेणं, यासाठी वर्तन-सल्लागार लागतो. इथे केवळ आज्ञा शिकवून भागत नाही, कुत्र्याच्या मनात त्या गोष्टीबद्दल जे बसलंय तेच बदलावं लागतं. ज्या कुत्र्याला औषधांचीही गरज आहे, त्याच्यासाठी वर्तनशास्त्रात विशेष शिक्षण घेतलेला पशुवैद्य. अशा तज्ज्ञांची संख्या फार कमी आहे. पण तुमचा नेहमीचा पशुवैद्य त्यांच्याशी सल्लामसलत करू शकतो, आणि काही वर्तन-सल्लागार व्हिडिओ कॉलवरही उत्तम काम करतात.

घरात पिल्लू असेल तर हिशेब वेगळा, आणि घाईचा. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बारा-चौदा आठवड्यांपर्यंत पिल्लाचं मन नव्या गोष्टींना सर्वात मोकळं असतं. या काळात जी माणसं, आवाज, जमिनी, प्राणी त्याला न घाबरता भेटले ते पुढे त्याला आपले वाटतात. "सगळ्या लसी पूर्ण होऊ द्या, मग बघू" म्हणेपर्यंत ही खिडकी बंद होते. अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय वर्तनतज्ज्ञांच्या संघटनेचं, म्हणजे एव्हीएसएबीचं, म्हणणं असं आहे की पहिली लस आणि पहिलं जंताचं औषध देऊन किमान सात दिवस झाले की सात-आठ आठवड्यांचं पिल्लू वर्गात जाऊ शकतं. अर्थात वर्गाची जागा स्वच्छ आणि बंदिस्त हवी, आणि आपल्या भागातल्या रोगराईबद्दल आपल्या डॉक्टरांना आधी विचारायला हवं. पिल्लांच्या वर्गात ट्रेनर अटकाव न करता सगळी पिल्लं एकत्र सोडून देत असेल, तर मात्र जाऊ नका. दांडगं पिल्लू दबलेल्या पिल्लाला लोळवतं आणि दोघंही नको तेच शिकतात.

पायरी ४: प्रमाणपत्र वाचता यायला हवं

नावापुढे अक्षरं खूप असतात. काही कष्टाने मिळवलेली, काही शनिवार-रविवारच्या शिबिरातली. माझ्या माहितीतली वजनदार नावं सांगते. सीपीडीटी-केए हे प्रमाणपत्र घ्यायला गेल्या तीन वर्षांतला किमान ३०० तासांचा शिकवण्याचा अनुभव आणि वर लेखी परीक्षा लागते. दर तीन वर्षांनी ते नव्याने मिळवावं लागतं. केपीए-सीटीपी हे करेन प्रायर अकादमीचं. त्यात प्रत्यक्ष कुत्र्यासोबत काम करून दाखवावं लागतं. वर्तन-सल्लागारांसाठी आयएएबीसी ही आंतरराष्ट्रीय संघटना आहे. पेट प्रोफेशनल गिल्डचे सदस्य वेदना, बळजबरी आणि भीती वापरणार नाही अशी बांधिलकी घेतात. विशेषज्ञ पशुवैद्याच्या नावापुढे डीएसीव्हीबी असेल तर तो अमेरिकन कॉलेज ऑफ व्हेटर्नरी बिहेवियरिस्ट्स या संस्थेचा अधिकृत तज्ज्ञ.

या सगळ्या संस्थांच्या संकेतस्थळांवर सदस्य शोधण्याची सोय असते. तिथे जाऊन नाव खरोखर आहे का ते बघा. दोन मिनिटांचं काम आहे. मी एकदा बघितलं तर प्रमाणपत्राची मुदत संपून चार वर्षं झाली होती.

तरीही कागदावर विसंबू नका. लेखी परीक्षेतून ज्ञान कळतं. चिडल्यावर या माणसाचा हात कुठे जातो, ते कळत नाही. उलट, एकही अक्षर नावापुढे नसलेली आणि कुत्र्यांशी फार सुंदर काम करणारी माणसंही मी बघितली आहेत. पण अशा माणसाला "तुम्ही कुठे शिकलात, गेल्या वर्षभरात नवीन काय शिकलात?" असं विचारलं की उत्तर तयार असतं. "तीस वर्षांचा अनुभव आहे, मला कोण शिकवणार?" हेही एक उत्तरच. तीस वर्षं तीच चूक करता येते.

पायरी ५: जाहिरातीतले शब्द

"अल्फा बना", "तुम्ही कळपाचे प्रमुख आहात हे त्याला कळू द्या" असं दिसलं की पान बंद करा. या कल्पनेचं मूळ रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७च्या निरीक्षणांत आहे. ती निरीक्षणं पिंजऱ्यात एकत्र डांबलेल्या लांडग्यांची होती. डेव्हिड मेक या लांडग्यांच्या अभ्यासकाने "अल्फा" हा शब्द लोकांपर्यंत पोचवायला मोठा हातभार लावला होता. पण जंगलातल्या मोकळ्या लांडग्यांजवळ बरेच उन्हाळे काढल्यावर १९९९ साली त्यांनीच लिहिलं, की कळप म्हणजे बहुतेकदा आईबाप आणि त्यांची पोरं. तिथे सिंहासनासाठी मारामाऱ्या चालत नाहीत. आणि मुळात कुत्रं म्हणजे लांडगा नव्हे. तुमच्या सोफ्यावर झोपणाऱ्या प्राण्याला तुमचं राज्य नको असतं, सोफा मऊ असतो म्हणून तो तिथे झोपतो.

"शंभर टक्के हमी" किंवा "सात दिवसांत चावणं बंद" असं लिहिणारा माणूस वर्तनशास्त्र जाणत नाही, नाहीतर जाणूनबुजून थापा मारतोय. जिवंत प्राण्याच्या वागण्याची हमी कोणी देऊ शकत नाही. "मी शेवटपर्यंत सोबत राहीन, वेळ लागला तर योजना बदलू" एवढी हमी मात्र मागायला हरकत नाही.

"बॅलन्स्ड ट्रेनिंग" हा शब्द ऐकायला गोड आहे. त्याचा व्यवहारातला अर्थ असा की खाऊही मिळेल आणि झटकाही मिळेल. विजेचा झटका देणाऱ्या गळपट्ट्याला, म्हणजे शॉक कॉलरला, तर कोणी शॉक कॉलर म्हणतच नाही; ई-कॉलर, रिमोट कॉलर, "संवादाचं साधन", "हलकीशी टिचकी" अशी नावं असतात. त्या टिचकीने काम होतं, कारण ती नकोशी असते. नकोशी नसती तर कुत्र्याने आपलं वागणं बदललंच नसतं. एवढा साधा तर्क विक्रेत्याच्या तोंडून मी अजून ऐकलेला नाही. वेल्सने २०१० मध्येच या पट्ट्यांवर बंदी घातली.

"पण काही कुत्र्यांना गरज असते हो," हे वाक्य हमखास येतं. ब्रिटनमधल्या लिंकन विद्यापीठाने २०२० साली ६३ कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हाक मारली तरी परत न येणारी ती कुत्री होती, म्हणजे शॉक कॉलरवाले "इथे पर्याय नाही" म्हणतात नेमकी तीच. अनुभवी ट्रेनरांनी काहींना शॉक कॉलर वापरून शिकवलं, काहींना बक्षिसांवर. शॉक कॉलरने काहीही जास्त साधलं नाही. बक्षिसांवर शिकलेली कुत्री पहिल्याच हाकेला जास्त वेळा आली. २०२१ मध्ये एव्हीएसएबीने अधिकृत भूमिका मांडली, की सगळ्या कुत्र्यांसाठी, वागण्याची अडचण असलेल्यांसाठीसुद्धा, बक्षिसावर आधारित पद्धतीच वापराव्यात.

पायरी ६: फोन, आणि एक प्रश्न

फोनवर पुष्कळ विचारता येतं, पण सगळ्यात जास्त माहिती एका प्रश्नातून मिळते: "माझं कुत्रं चुकलं तर तुम्ही नेमकं काय कराल?"

बरोबर केल्यावर काय, हे विचारून फारसं काही हाती लागत नाही. शाबासकी आणि खाऊ सगळेच सांगतात. चुकल्यावर काय, यात माणूस दिसतो. "नेमकं" या शब्दावर जोर द्या आणि हाताने काय करणार ते विचारा. "करेक्शन देतो" म्हणाले तर करेक्शन म्हणजे काय? "पट्ट्याने थोडा इशारा" म्हणजे पट्टा ओढणार का? किती जोरात? गळ्यात काय असेल? "मान पकडून ताकीद" हे उत्तर मिळालं तर आभार मानून फोन ठेवा. उत्तर गोलमोल असेल, "ते प्रत्येक कुत्र्यावर अवलंबून असतं, तुम्ही आणा तर खरं" असं असेल, तर तेही नकारार्थीच समजा. चांगल्या ट्रेनरला लपवायचं काही नसतं.

चांगलं उत्तर साधारण असं येतं: "चुकलं म्हणजे मी अवघड गणित दिलं असा अर्थ. मी अंतर वाढवते, सोपं करते, पुन्हा विचारते. उडी मारली तर मी पाठ फिरवते, चार पाय जमिनीवर आले की लगेच खाऊ देते. तेही जमत नसेल तर आधी दाराजवळ जाळी लावते, म्हणजे उडी मारायची सवय पक्की होणार नाही." यात बक्षीस थांबवणं आहे, परिस्थिती बदलणं आहे. दुखवणं किंवा घाबरवणं कुठेच नाही. बक्षीस-पद्धत म्हणजे काहीही चालवून घेणं, असा समज असेल तर तो या उत्तरापाशीच संपायला हवा.

शिक्षेचं पुढे काय होतं याचे आकडे आहेत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वर्तन-दवाखान्यात आलेल्या कुत्र्यांच्या मालकांना मेगन हेरॉन आणि सहकाऱ्यांनी विचारलं, की तुम्ही काय काय करून बघितलंत आणि त्यावर कुत्र्याने काय केलं. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मारणं किंवा लाथ घालणं यावर ४३ टक्के कुत्री उलटून आक्रमक झाली होती, उताणं पाडून दाबून धरण्यावर ३१ टक्के, डोळे रोखून बघण्यावर ३० टक्के. ट्रेनर दाखवून घरी जातो. उताणं पाडण्याचा प्रयोग दुसऱ्या दिवशी घरातला कोणीतरी करतो, आणि दात त्याच्या तोंडाजवळ असतात.

आणखी दोन-तीन गोष्टी फोनवरच विचारून घ्या. कुत्र्याच्या गळ्यात-अंगावर काय घालून यायचं? हार्नेस (छातीभोवती घालायचा पट्टा) किंवा साधा सपाट गळपट्टा, असं उत्तर हवं. चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी), काट्यांची प्रॉन्ग कॉलर किंवा शॉक कॉलर नको. एका वर्गात किती कुत्री असतात? एका ट्रेनरमागे सहा-आठच्या वर गेली की लक्ष पुरत नाही. घरातल्या सगळ्यांनी यायचं का? "नको, मी एकटा बघून घेतो" याला काहीच अर्थ नाही, कारण कुत्रं तुमच्यासोबत राहणार आहे. आणि शेवटी, मी आधी कुत्र्याशिवाय येऊन एक वर्ग बघू का?

पायरी ७: वर्ग बघायला जा, कुत्रं घरी ठेवून

"बाहेरच्यांना बघू देत नाही" म्हटलं तर का ते विचारा. एखादं भित्रं कुत्रं त्या दिवशी असेल तर ते कारण पटण्यासारखं आहे. मग दुसरा दिवस किंवा एखादा व्हिडिओ मागा. दोन्हीला नकार आला तर पुढचं नाव बघा.

भिंतीला टेकून बसा आणि ट्रेनरला विसरून जा. बोलणं छाप पाडणारं असतं आणि आपण माणसं बोलण्याला भुलतो. एक कुत्रं निवडा आणि दहा मिनिटं तेच बघा. मग दुसरं.

काय बघायचं? शरीर सैल आहे की ताठ. शेपूट मधल्या उंचीवर हलतंय की पोटाखाली गेलंय. खाऊ नसताना ओठ चाटणं, झोप नसताना जांभया, मान वळवून डोळ्यांच्या कडेने बघणं, डोळ्यातलं पांढरं दिसणं, एक पंजा उचलून धरणं, उकाडा नसताना धापा टाकणं, ट्रेनर जवळ आला की अंग चोरणं. यातलं एखादं एकदा दिसलं तर काही नाही. नवी जागा आहे, थोडा ताण येणारच. बघायचं ते पुढे काय होतं. ट्रेनरच्या लक्षात येतं का? तो त्या कुत्र्याला बाजूला नेतो का, पडद्याआड जागा देतो का, की "याला सवय होईल" म्हणून तसंच रेटतो?

इथे सर्वात फसवी गोष्ट म्हणजे शांतता. निवांत कुत्रं आणि हार मानलेलं कुत्रं लांबून सारखंच दिसतं. मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग मानसशास्त्राच्या पुस्तकांत आजही असतात: ज्या कुत्र्यांना विजेच्या झटक्यातून सुटायचा मार्ग दिला नव्हता, त्यातली बरीचशी पुढे मार्ग उघडा असतानाही जागची हलली नाहीत. माझ्या भिंगरीचा कोपरा तो असा. निवांत कुत्र्याचे डोळे मऊ असतात, ते एका कुल्ल्यावर रेलून बसतं, आजूबाजूचा वास घेतं, नाव घेतलं की वळून बघतं. हार मानलेलं कुत्रं गोठलेलं असतं. खाऊ नाकाशी धरला तरी घेत नाही. खाऊ न घेणारं कुत्रं वर्गात एकापेक्षा जास्त दिसलं तर मला पुढचं काही बघायची गरज वाटत नाही.

पोर्तुगालमधल्या पोर्तो विद्यापीठाच्या संशोधकांनी हे मोजून दाखवलं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात निरनिराळ्या प्रशिक्षण केंद्रांतली ९२ कुत्री होती. शिक्षेवर भर असलेल्या केंद्रांतल्या कुत्र्यांमध्ये ताणाच्या खुणा जास्त दिसल्या, प्रशिक्षणानंतर लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरकही जास्त वाढलेलं आढळलं. पण मला आवडली ती त्यांची वाडग्याची चाचणी. एका जागी ठेवलेल्या वाडग्यात नेहमी खाऊ, दुसऱ्या जागी ठेवलेला नेहमी रिकामा, हे कुत्र्याला शिकवायचं. मग वाडगा मध्ये ठेवायचा. बक्षिसावर शिकलेली कुत्री त्याच्याकडे झपकन जातात, "असेल काहीतरी". शिक्षा खाल्लेली रेंगाळत जातात. आणि ही चाचणी वर्गात नव्हे, एरवीच्या वेळी घेतलेली होती. म्हणजे वर्गात खाल्लेले झटके वर्गातच राहत नाहीत.

आता ट्रेनरकडे बघा, पण तो माणसांशी कसा वागतो ते. कुत्र्यांशी गोड आणि मालकांना चारचौघांत झापणारे ट्रेनर असतात. त्यांच्याकडे कुत्रं शिकेलही, पण तुम्ही दोन आठवड्यांत जाणं बंद कराल. बक्षीस-पद्धत समजलेला माणूस ती माणसांवरही वापरतो: तुमचं काय बरोबर झालं ते आधी सांगतो, सुधारणा एका वेळी एकच.

खाऊची वेळही बघा. कुत्रं बसलं आणि तीन सेकंदांनी खाऊ आला तर तोवर ते उठलेलं असतं, मग बक्षीस उठण्याला मिळतं. म्हणून चांगले ट्रेनर "येस" सारखा ठरलेला शब्द किंवा क्लिकर (दाबलं की टक् आवाज करणारी छोटी डबी) वापरतात. नेमका क्षण टिपायचा आणि मग खाऊ द्यायचा. ही युक्ती मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलँड यांनी १९४०च्या दशकातच प्राण्यांवर वापरली होती. तिला घराघरांत नेलं ते करेन प्रायर यांनी, आणि त्या शिकल्या डॉल्फिनकडून. डॉल्फिनला पट्टा बांधता येत नाही. रागावलात तर तो सरळ पोहत निघून जातो. मग शिक्षेवाचून शिकवावंच लागतं.

"खाऊ दाखवल्याशिवाय ऐकणारच नाही मग" ही शंका घरातली वडीलधारी मंडळी हमखास काढतात, आणि ती अगदीच चुकीची नाही. हातात खाऊ नाचवून काम करून घेणारा ट्रेनर लाच शिकवतोय. फरक असा: खाऊ आधी दिसतो ती लाच, काम झाल्यावर पिशवीतून येतो ते बक्षीस. हातातला खाऊ काही दिवसांतच दिसेनासा व्हायला हवा, आणि पुढे खाऊच्या जागी कधी चेंडू, कधी दार उघडणं, कधी झाडाचा वास घेऊ देणं यायला हवं. वर्गात जुनी कुत्री असतील तर त्यांच्यात हे दिसतं का, ते बघून घ्या.

ठेवून शिकवण्याबद्दल

"तीन आठवडे आमच्याकडे ठेवा, शिकवून परत देतो." दमलेल्या माणसाला याचा मोह होतोच. माझा सल्ला आहे, शक्यतो नको. एक तर तिथे काय होतं ते तुम्हाला दिसत नाही. दुसरं म्हणजे कुत्र्याचं शिकणं जागेला आणि माणसाला चिकटलेलं असतं. तिथे ट्रेनरसमोर बसणारं कुत्रं तुमच्या स्वयंपाकघरात बसेलच असं नाही. ठेवणं भागच असेल तर आधी जागा बघा, कुत्रं कुठे झोपतं, दिवसातून किती तास पिंजऱ्यात असतं, कोण हाताळतं ते विचारा, रोजचे न कापलेले व्हिडिओ मागा, आणि परत आल्यावर तुमच्यासोबतची किमान तीन-चार सत्रं त्यातच धरलेली आहेत का बघा.

पायरी ८: एकाच सत्राचे पैसे भरा

बारा सत्रांचं पॅकेज स्वस्त पडतं, मान्य. तरी पहिलं एक घ्या. त्यात ट्रेनरने निम्मा वेळ प्रश्न विचारण्यात घालवला तर वैतागू नका. तुमची वही वाचणारा, कुत्र्याला स्वतःहून जवळ येऊ देणारा, आल्या आल्या डोक्यावर हात न ठेवणारा माणूस काम जाणतो. सत्र संपताना तुमच्या हातात दोन गोष्टी हव्यात: सध्या काय टाळायचं, आणि रोज पाच-पाच मिनिटं काय करायचं. पट्टा बहुतेक वेळ तुमच्या हातात असायला हवा, त्याच्या नव्हे.

आणि मध्येच काही खटकलं तर थांबवा. हे लिहायला सोपं आहे. मलाही त्या दिवशी जमलं नव्हतं, कारण समोरचा जाणकार होता आणि मला भीड पडली. म्हणून वाक्य आधीच पाठ करून जा: "हे माझ्या कुत्र्यासोबत नको. दुसरा मार्ग आहे का?" चांगला ट्रेनर तिथल्या तिथे दुसरा मार्ग दाखवतो. तो वाद घालायला लागला, "तुमच्या अशा लाडांमुळेच हे झालंय" म्हणाला, तर पट्टा हातात घ्या आणि निघा. पैसे गेले तर गेले.

पायरी ९: वही चालू ठेवा

पहिल्या पायरीवर जे मोजलं तेच मोजत राहा. दुसरं कुत्रं वीस पावलांवर असताना भुंकणं सुरू व्हायचं, ते आता बारावर होतंय का? शांत व्हायला मिनिट लागायचं, आता किती लागतं? भीती आणि आक्रमकतेच्या बाबतीत सुधारणा चढ-उतारांनी होते, एखादा आठवडा मागे जातो; पण चार-सहा आठवड्यांत आकडे जागचे हलले नाहीत, तर वही ट्रेनरसमोर ठेवा. तो ती वाचून काही बदलतो का, किंवा "हे माझ्या आवाक्याबाहेरचं आहे, अमुक वर्तनतज्ज्ञाकडे जा" असं सांगतो का, ते बघा. भिंगरीच्या दुसऱ्या ट्रेनरने सातव्या आठवड्यात नेमकं हेच सांगितलं आणि पुढच्या बाईंचा नंबर स्वतःच दिला. त्या बाई पहिल्या दिवशी आल्या तेव्हा घंटा न वाजवता दाराबाहेर उभ्या राहिल्या, मला फोन केला, आणि म्हणाल्या, "दार उघडू नका अजून. ती काय करतेय, ते सांगा."